बॉम्बकाकांच्या दगडावरची खूण

ज्या माणसानं उभ्या जन्मात साधी फटाक्याची वातही पेटवली नाही, त्याला सगळं गाव बॉम्बकाका म्हणायचं. धंद्यानं ते घड्याळजी. दर शनिवारी संध्याकाळी दुकानाचं शटर खाली ओढायचे आणि कारंज्याच्या चौकात जाऊन बॉम्बच्या विरोधात उभे राहायचे. ऊन असो, पाऊस असो, रेडिओवर मॅच असो. एकदा म्हणे असा वारा सुटला की चौकातल्या पुतळ्याच्या डोक्यावरची टोपी उडाली, पण काका जागचे हलले नाहीत. टोपी दगडाची होती आणि पुतळ्याच्या डोक्यासकट घडवलेली होती, मग ती उडाली कशी, हे सांगणाऱ्याला कुणी विचारलं नाही.

काकांच्या स्वतःच्या टोपीवर मात्र पत्र्याचा एक बिल्ला असायचा. गोल, गोलात एक उभी रेघ, आणि त्या रेघेच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना खाली उतरणाऱ्या दोन तिरक्या रेघा. बेकरीवाल्याच्या मते तो कोंबडीचा पाय होता. टॅक्सीवाल्यांना वाटायचं, काकांनी कुणाच्या तरी परदेशी मोटारीचं नाक काढून आणलंय. आणि चर्चमधल्या जुन्या बायका आवाज खाली आणून सांगत, की हा मोडलेला क्रूस आहे, उलटा केलेला, आणि असला बिल्ला डोक्यावर घेऊन प्रार्थनेला येणाऱ्याचं काही खरं नाही. काका प्रत्येकाला थांबवून खरी हकीकत सांगायचे. ते सांगू लागले की सकाळी दाढी करून निघालेल्या माणसाला घरी पोचेपर्यंत पुन्हा दाढी करावी लागायची.

असे बॉम्बकाका वारले. मागे राहिल्या त्या बॉम्बकाकू. शिवणकाम करून बोटांची टोकं सुईला सरावलेली, जीभही सुईसारखीच. नवरा गेल्यावर त्यांना दोनच गोष्टी हव्या होत्या. नवऱ्याच्या थडग्यावरच्या दगडावर ती बिल्ल्यातली खूण कोरलेली असावी, आणि तो दगड उभा राहील तेव्हा मुलगा शेजारी असावा.

अडचण एवढीच की मुलाला ती खूण डोळ्यांसमोर नको होती.

मुलाचं औषधांचं दुकान होतं, आणि चर्चच्या दफनभूमीचा कारभारही त्याच्याकडेच होता. माणूस सरळ, अगदी ओळंब्यासारखा. त्याच्या दफनभूमीत थडग्यांच्या रांगा अशा आखलेल्या की मेलेल्या माणसालाही कूस बदलायचा धीर होऊ नये. बापाच्या शेवटच्या आजारात तो रोज घरी यायचा, गोळ्या टेबलावर मांडायचा, "ही जेवणाआधी, ही जेवणानंतर" एवढं सांगायचा आणि जायचा. बापही मान हलवायचा. बापलेकांत जेवणाआधी आणि जेवणानंतर याच्या मधलं बोलणं कधी झालं नाही.

रविवारची प्रार्थना संपल्यावर काकूंनी फादरना चर्चमागच्या खोलीत गाठलं. फादर नवे आणि तरुण होते. जुन्या बायका त्यांना 'फादर' म्हणत आणि मनात 'बाळ' म्हणत. मुलगा आधीच तिथं येऊन बसला होता.

"फादर, आपल्या दफनभूमीत क्रूसच लागतो," तो म्हणाला. "मोडका क्रूस नाही. एका रोमन बादशहानं ख्रिस्ती माणसांची टर उडवायला काढलेली खूण आहे ती."

"लोक म्हणतात तसं," फादर म्हणाले. "मलाही वाटलं होतं. म्हणून शोधलं. बादशहाचा काही पत्ता लागला नाही. चित्रकाराचा लागला."

"ह्यांनी सांगितलं असेलच तुम्हाला," काकू म्हणाल्या.

"त्यांनी सांगायला घेतलं होतं, काकू, पण माझी संध्याकाळची प्रार्थना होती." फादर हसले. "इंग्लंडात, एकोणीसशे अठ्ठावन्न साली, अणुबॉम्बच्या विरोधात मोर्चा निघायचा होता. त्यासाठी काढली ही खूण. जहाजांवरचे लोक दोन हातांत दोन झेंडे धरून लांबून अक्षरं दाखवायचे ना, त्यातली दोन अक्षरं त्यानं घेतली. अण्वस्त्रं टाकून द्या, याला इंग्रजीत जे दोन शब्द आहेत त्यांची पहिली अक्षरं. एकात दोन्ही हात तिरके खाली. दुसऱ्यात एक हात सरळ वर, एक सरळ खाली. एकावर एक ठेवली, भोवती गोल काढला, झालं."

"म्हणजे क्रूसाचा काही संबंध नाही," मुलगा म्हणाला. "मीही तेच म्हणतोय."

"आहे थोडा. आधी त्याच्या मनात क्रूसच होता. पण ज्या धर्मगुरूंना विचारलं त्यांना क्रूस मोर्चात नेणं पटलं नाही."

"घ्या," काकू म्हणाल्या. "तेव्हा तुमच्याच लोकांनी क्रूस द्यायला नको म्हटलं, आणि आता तुमचेच लोक विचारतात, क्रूस का नाही."

फादरनी कपाळ खाजवलं. "आणि त्यानं स्वतः लिहून ठेवलंय की तो तेव्हा फार निराश होता. त्यानं स्वतःलाच काढलं. हात खाली सोडून, तळवे बाहेर करून उभा असलेला माणूस."

मुलानं खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाला, "फादर, मी काही युद्धाच्या बाजूचा नाही. पण ख्रिस्ताची शांती वेगळी आहे. ती माणसाच्या आत सुरू होते. देवाशी समेट, शेजाऱ्याशी समेट. उद्या सगळे बॉम्ब समुद्रात बुडवले तरी माणूस वाकून दगड उचलेल."

"पटलं मला," फादर म्हणाले. "तरी बॉम्ब बुडवलेले बरे. दगडानं एका वेळी एकच डोकं फुटतं."

काकू खुदकन हसल्या. मुलगा हसला नाही.

"बाबांनी आख्ख्या जगासाठी चौकात शांती मागितली," तो म्हणाला. "घरात कधी मागितली?"

"घरात काय लढाई चालली होती का रे?" काकू म्हणाल्या. "ह्यांनी कधी आवाज चढवला तुझ्यावर?"

"नाही चढवला. लढाईलासुद्धा समोरासमोर यावं लागतं, आई."

शेवटी फादरनी तोडगा काढला. नावाखाली लहानसा क्रूस, जसा सगळ्यांच्या दगडावर असतो तसा, आणि वरच्या भागात काकूंना हवी ती खूण. मुलानं मान डोलावली, खिशातून दफनभूमीच्या फाटकाची किल्ली काढून उगाच पाहिली आणि परत ठेवली.

"नियमात बसतंय," तो म्हणाला. "बसवा. पण मुलगा म्हणून मी तिथं उभा राहणार नाही, आई. आधीच सांगतो."

काकूंनी त्या रात्री भात करपवला आणि तसाच खाल्ला.

पाथरवटाचं काम स्टेशनमागच्या शेडमध्ये चालायचं. हा पाथरवट तोंडानं सैल आणि हातानं घट्ट. एकदा त्यानं एका गायिकेच्या दगडावर तिचं नाव इतकं सुरेख कोरलं, की कान लावला तर पहिली ओळ ऐकू येते, असं तो स्वतःच सांगायचा. लांब दगड तो दोन लाकडी ओंडक्यांवर आडवा टाकी. पायाकडच्या टोकाशी बसून अक्षरं कोरी. कोरून झालेल्या भागावर गोणपाट घाली, म्हणजे वर उडालेल्या कपच्यांनी अक्षरांच्या कडा दुखावत नाहीत. काकांचं नाव, तारखा आणि लहानसा क्रूस झाला होता. आता वरचा भाग उरला होता. काकूंनी बिल्ला कागदावर ठेवून, पेन्सिलीनं गिरवून, मग तो मोठा करून नक्षा आणला होता आणि स्टूल ओढून, पुरुषभर अंतर सोडून बसल्या होत्या.

"काकू, एवढं टक लावून बघितलंत तर दगड लाजेल," पाथरवट म्हणाला.

"दगड नाही लाजत. लाजतो तो कारागीर. चुकला की."

"तीस वर्षांत माझ्या दगडाखालून कुणी तक्रार केली नाही."

तेवढ्यात मुलगा आला. दगडाची जाडी बघायला आलोय म्हणाला. खिशातून टेप काढून त्यानं जाडी मोजली, ती बरोबर निघाली, तरी तो गेला नाही. दगडाच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला काकू, आणि पायाकडच्या टोकाशी, दोघांच्या अगदी मधोमध, पाथरवट.

"तू ये फक्त," काकू म्हणाल्या. "दगडाकडे बघू नकोस हवं तर. डोळे मिटून उभा राहा."

"ते जमतं मला. लहानपणी तेच केलंय."

"काय केलंयस?"

"काही नाही."

"असं अर्धवट बोलायचं आणि जायचं, ही सवय कुणाची लागली रे तुला?"

"ज्यांचा हा दगड आहे त्यांची."

"मेलेल्या माणसाशी भांडतोयस तू."

"जिवंत होते तेव्हा वेळ कुठं होता त्यांना?"

पाथरवटानं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं. नवराबायकोच्या भांडणात पडलेला माणूस एखादे वेळी वाचतो, मायलेकांच्या मध्ये सापडलेला वाचत नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं छन्नी, हातोडी, नक्षा आणि चिकटवायची खळ उचलली, आपलं स्टूल बगलेत मारलं आणि हळूच दगडाच्या दुसऱ्या टोकाला, डोक्याकडे, भिंतीकडे पाठ करून जाऊन बसला. नक्षा आपल्यासमोर सुलटा ठेवून चिकटवला आणि मान खाली घालून असा काही ठोका धरला, की दोघांचं बोलणं त्यात बुडून गेलं. मुलगा निघून गेला. काकू डोळे पुसत पाथरवटाच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"छान उमटतंय," त्या म्हणाल्या.

छानच उमटत होतं. त्या बाजूनं.

दगड उभा करायच्या सकाळी काकू हातात फुलं, पाण्याचा डबा आणि झाडू घेऊन दफनभूमीत पोचल्या. फादर आले होते. हातगाडीवरून गोणपाटात गुंडाळलेला दगड आला होता. पाथरवट आणि त्याचे दोन गडी दोर लावत होते. आणि फाटकाशी, हातात पाणसळ घेऊन, मुलगा उभा होता.

काकूंचा चेहरा उजळला.

"कारभारी म्हणून आलोय," मुलगा लगेच म्हणाला. "रांग बघायला. दगड तिरका बसला तर शेजारचे तक्रार करतात."

"शेजारचे?" काकू म्हणाल्या. "उजवीकडे मुख्याध्यापक, डावीकडे त्यांची सासू. त्यांच्या तक्रारी वेगळ्याच असतील."

दगड खड्ड्यात उतरला, उभा राहिला. मुलानं पाणसळ लावली, बुडबुडा मध्ये आला. पाथरवटानं गोणपाट ओढलं.

सगळे पुढे वाकले.

नाव बरोबर होतं. तारखा बरोबर होत्या. क्रूस जागेवर होता. वरच्या गोलातल्या माणसानं मात्र दोन्ही हात खाली सोडलेले नव्हते. त्यानं ते वर केले होते.

पाथरवटानं आधी दगडाकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे, मग पुन्हा दगडाकडे. रंग उडाला बिचाऱ्याचा. "काकू," तो म्हणाला, "मी त्या टोकाला जाऊन बसलो. तुम्ही दोघं... मी डोक्याकडून बसलो आणि कागद माझ्याकडं सुलटा ठेवला. नवशिका पोरगासुद्धा असं करत नाही. मी वरचा थर घासून काढतो. फिरून कोरतो. दगड बोटभर बारीक होईल, पण कुणाला कळणार नाही."

"मला कळेल," काकू म्हणाल्या. एवढी भांडून मिळवलेली खूण, आणि तीही उलटी. जुन्या बायका आता काय म्हणतील, हे त्यांना इथूनच ऐकू येत होतं.

फादर जरा पुढे झाले. "काकू, एक सांगू? समजूत घालायला म्हणून नाही. ज्यानं ही खूण काढली त्यालाही पुढं वाटायला लागलं होतं की हात खाली नकोत. निराशेची खूण करून ठेवली याचं त्याला वाईट वाटायचं. उलटी करावी, हात वर असावेत, असं तो म्हणायचा. त्या झेंड्यांच्या भाषेतही हात वर केले की वेगळं अक्षर होतं. साऱ्या जगानं शस्त्रं टाकावीत, असा अर्थ लागतो मग."

"ह्यांनी मला हे कधी सांगितलं नाही," काकू म्हणाल्या.

"कदाचित तिथपर्यंत पोचलेच नसतील," फादर म्हणाले.

ते खरं असावं. काकांची हकीकत शेवटपर्यंत ऐकलेला माणूस गावात नव्हता.

"तरी काढाच खाली," काकू पाथरवटाला म्हणाल्या. "ह्यांचा बिल्ला जसा होता तसाच हवा मला. ह्यांना विचारायला जाता येत नाही आता."

पाथरवटानं गड्यांना खूण केली. गड्यांनी दोर पुन्हा हातात घेतला.

"राहू दे," मुलगा म्हणाला.

तो दगडासमोर उकिडवा बसला होता. पाणसळ गवतात पडली होती. तो त्या गोलाकडे असा बघत होता, जणू काचेपलीकडे कुणी ओळखीचं उभं आहे.

"राहू दे तसंच," तो पुन्हा म्हणाला. "हा बरोबर आहे."

"तुला तर ती खूणच नको होती," काकू म्हणाल्या.

"ती नको होती. ही ओळखतो मी." त्यानं बोटानं वर केलेल्या दोन रेघा चाचपल्या. "आई, चौकात मी किती वर्षांचा होतो? सायकल यायच्या आधीचं. तुम्ही ते घोषणेचं कापड धरून उभे असायचात, आणि मी खाली. समोरून पोरं ओरडायची. टोमॅटो मारायची कधीकधी. मला भीती वाटायची. मी बाबांसमोर जाऊन हात वर करायचो. असा." त्यानं खरंच हात वर केले, पन्नाशीचा, टक्कल पडलेला, औषधांच्या वासाचा माणूस. "घ्या ना म्हणून. बाबा खाली बघून हसायचे. गोड हसायचे. पण हातात काठी असायची. कापड खाली आलं असतं ना, मला घेतलं असतं तर. मग मी डोळे मिटून घ्यायचो."

दफनभूमीत कुठंतरी कुणी गवत कापत होतं, तो आवाज थांबला.

काकूंना ते कापड आठवलं. त्यांनीच शिवलं होतं, दुहेरी टीप घालून, वाऱ्यात फाटू नये म्हणून. चांगलं लांबरुंद, रस्त्यापलीकडून वाचता येईल असं. एकट्या माणसाला धरता आलं नसतं ते कधीच.

"कापडाला काठ्या दोन होत्या," त्या हळूच म्हणाल्या.

मुलानं वर केलेले हात खाली घेतले.

"दुसरी माझ्या हातात होती."

"हो."

"तू माझ्याकडे पण आला होतास?"

"आधी तुझ्याकडेच यायचो," मुलगा म्हणाला.

इतकी वर्षं काकूंना वाटत होतं, की हा हिशेब बाप आणि मुलाचा आहे आणि आपण मधल्या, दोघांना समजावणाऱ्या. वेदीपाशी दान घेऊन आलात आणि आठवलं, की भावाच्या मनात तुमच्याविषयी काही सल आहे, तर दान तिथंच ठेवा, आधी त्याच्याकडे जा, हे त्यांनी लहानपणापासून चर्चमध्ये कितीतरी वेळा ऐकलं होतं. ऐकताना दर वेळी दुसऱ्याच कुणाचा तरी चेहरा डोळ्यांपुढे यायचा. शेजारणीचा, नणंदेचा, एकदा तर खुद्द आधीच्या फादरांचा. हातातली वस्तू इतकी चांगली असेल की ती खाली ठेवायचं सुचणारच नाही, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. त्या कापडावर काय शिवलं होतं? 'शांती'. एवढालं अक्षर. त्याच्याखाली त्यांचं पोर डोळे मिटून उभं होतं.

"मला सांगितलं का नाहीस रे कधी?"

"सांगत होतो की," मुलगा म्हणाला.

काकूंनी पाण्याचा डबा खाली ठेवला. झाडू ठेवला. फुलं मुख्याध्यापकांच्या दगडावर ठेवली, ते काही बोलणार नव्हते. मग त्या मुलाकडे गेल्या. तो उठायला लागला तशा म्हणाल्या, "बसून राहा. उंच झालायस तू फार." आणि त्याचं टक्कल पडलेलं डोकं त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "ह्यांचंही चुकलं, पण ते त्यांचं ते बघतील तिथं. माझं चुकलं."

मुलानं आईच्या लुगड्याचा सोगा मुठीत धरला, एवढंच.

फादर मान वळवून मुख्याध्यापकांच्या सासूची जन्मतारीख अगदी मन लावून वाचू लागले. पाथरवटाचे गडी दोर गुंडाळायला लागले. दगड घासायचा की तसाच ठेवायचा, हे पाथरवटानं विचारलं, पण त्याला कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून तो तसाच राहिला, आजही आहे.

पुढचं गावात दोन तऱ्हांनी सांगतात. फादर म्हणतात, मायलेक बराच वेळ तसेच राहिले, मग काकूंनी थडग्याभोवती झाडून घेतलं आणि मुलानं पाणी घातलं. पाथरवट म्हणतो, छे. त्याच्या सांगण्याप्रमाणे बॉम्बकाकूंनी, गुडघे दुखत असताना, त्या नव्वद किलोच्या मुलाला काखेत हात घालून उचललं आणि फाटकापर्यंत कडेवर नेलं. त्याचे गडी साक्षीला आहेत, आणि गडी मानाही डोलावतात. आता काखेत हात घातले होते, हे फादरही कबूल करतात. पाय जमिनीवर होते का, ते त्यांनी पाहिलं नाही. ते तेव्हा सासूबाईंची तारीख वाचत होते.